कारुकाच्या रानातली बोली

५ फेब्रुवारी
भाषा तपासणारे साहेब नेमके कारुकाच्या झाडांचे डोक्याएवढे घोस तोडायच्या दिवसांतच उगवले! रानात घरची बोली बोललं की कारुकाचे दाणे पाणचट होतात, म्हणून तिथं फक्त रानबोली. साहेब बोट दाखवून विचारत गेले, आमचे लोक रानबोलीत सांगत गेले. रानात उभं राहून खुलासा करणार कोण? साहेब खूश. डुकराचं मांस चापून गेले.

२० नोव्हेंबर
साहेबांचा कागद आला. आमची भाषा म्हणे कुठल्याच कुळात बसत नाही. पलीकडच्या दरीतल्या भाषेशी तर काडीचा संबंध नाही.
पलीकडची दरी म्हणजे माझं माहेर! मग इतकी वर्षं मी नवऱ्याशी काय बोलत होते?
वारिया म्हणतो, "बोलत कुठं होतीस? भांडत होतीस."

९ डिसेंबर
हसू आटलं. माहेरचे लोक तोच कागद घेऊन जमिनीच्या कोर्टात गेले. भाषा परकी, म्हणजे माणसं उपरी, म्हणजे रान त्यांचं! पुढारी कोण, तर माझा सख्खा भाऊ यापा. रान गेलं तर माझ्या पोरांनी खायचं काय? निरोप धाडला. निरोप्या तसाच परत आला. फार रडले.

१२ जानेवारी
कोर्टात माहेरचे लोक आमच्याकडे बोट दाखवून दुभाष्याला विचारत होते, "हे काय म्हणतात?" माझी सख्खी मावशीसुद्धा!
आम्ही म्हटलं, साहेबांनी रानबोली टिपली. न्यायाधीश किनाऱ्याकडचे, त्यांना रानबोली कुठली ठाऊक! म्हणाले, "बोलून दाखवा." रानाबाहेर ती बोलतात का कधी? मग ठरलं, आता निवाडा रानातच.

१९ जानेवारी
रानात माहेरचे लोक दातखीळ बसल्यासारखे; घरची बोली बोलावी तर दाणे पाणचट, रानबोली बोलावी तर पितळ उघडं. न्यायाधीश जांभया देत होते. इतक्यात यापा वर बघून रानबोलीत ओरडला, "घोस सुटला, सरका!"
दोन्हीकडची माणसं टुणकन बाजूला. मावशी सगळ्यांच्या पुढे! जागेवर उभे राहिले ते एकटे न्यायाधीश.
वरून काहीच पडलं नाही. न्यायाधीशांना मात्र कळलं, ही बोली दोन्हीकडची एकच. रान आमचंच राहिलं.

२० जानेवारी
माहेरी यापाची छी-थू चालली आहे. हिरवा घोस सुटत नसतो, तरी भ्याला आणि हातची केस घालवली म्हणतात. वारिया हसून हसून बेजार. मलाही हसू आलं.

२३ जानेवारी
यापा आला होता. भाजलेली रताळी पुढं ठेवली. म्हटलं, "दादा, घोस हिरवा होता. दिसला नाही तुला?"
"जन्म त्या झाडांवर गेला. मला दिसणार नाही होय?" रताळं सोलत म्हणाला, "आमच्याकडं हे बोलू नकोस. खुळाच बरा मी."