न घेतलेले पादोदक

तीर्थस्वरूप बसवेश्वरदादांस शरणार्थ,

गुरूंच्या पाय धुतलेल्या पाण्याचे पादोदक मी कधी घेतले नाही, म्हणून तुम्ही मला गर्विष्ठ म्हणत आलात. चौदाव्या वर्षी तुम्ही मला ज्या मठात शिकायला ठेवले, तिथले गुरू पाठ संपल्यावर मला एकट्याला थांबवून दार लावीत. साठ वर्षे हे मनातच राहिले.

परभणीतल्या पहिल्या समुपदेशकांनी मठाचे नाव ऐकताच हात जोडले. मी उठून आलो. काल दुसऱ्या समुपदेशक बाईंनी आधी विचारले, "काका, दार उघडंच राहू द्यायचं का?" त्यांच्यापुढे मी बोललो.

तुम्ही आजही त्या गुरूंच्या समाधीचे तीर्थ घेऊनच अन्नाला हात लावता. या वयात तुमची ओंजळ रिकामी करणे मला जमणार नाही. पत्र पोथीतच ठेवतो.

आपला धाकटा,
शिवरुद्र