साक्ष मोनिकाची, पेले माझे

प्रिय मोनिका,

प्रभूच्या नावानं सलाम. "यवतच्या मंडळीतल्या बायका माझ्यावर रुसल्यात का, साक्ष देताना माझं काही चुकलं का?" असं तू मोबाईलवर विचारून बारा दिवस झाले. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसून टाकलं. म्हणून आता कागदच घेतला.

आधी सरळ सांगते, मला तुझा हेवा वाटतो. फेब्रुवारीत शिरूरच्या ख्रिस्ती महिला मेळाव्यात तू साक्ष द्यायला माईकसमोर उभी राहिलीस, तेव्हापासून. कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं घासता घासता तू एकेका ताटामागे, त्यात जेवून गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करू लागलीस आणि त्या खरकट्या पाण्यात तुला प्रभू भेटला, असं तू सांगितलंस. अख्खा मांडव रडला. माझ्या शेजारच्या बाईनं तर डोळे पुसायला माझाच पदर ओढला. मी तेवढी कोरडी. मनात एकच, हिला कँटीनच्या दीड वर्षात भेटला! मी अठरा वर्षं त्याच्याच मेजावरचे पेले धुतेय. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी द्राक्षरसासाठी काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करून गाळायच्या, पावाच्या कडा कापायच्या आणि उपासना झाली की चौसष्ट इवलेसे पेले विसळून पुसून ठेवायचे. मला भेटली ती कंबरदुखी. साक्ष द्यायला मला कधी कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी काय सांगणार होते म्हणा!

मार्चमध्ये लाज सोडून तुझ्यासारखं करून पाहिलं. एक पेला धुवायचा, मंडळीतल्या एकाचं नाव घ्यायचं. सोपानरावांच्या गुडघ्यांसाठी मागितलं, वैष्णवीच्या बारावीसाठी मागितलं. चार-पाच पेले बरे गेले. मग तुझ्या आईचं नाव आलं आणि त्यामागोमाग तुझं. ते काही तोंडातून निघेना. बाकीचे पेले मी मुक्यानं धुतले, जरा आपटूनच.

आपल्या मंडळीची रीत तुला ठाऊकच आहे. मनात कुणाबद्दल वाकडं असेल तर आधी समेट, मग प्रभुभोजन. पाळकसाहेब दर महिन्याला ते वाचून दाखवतात. तीन महिने झाले, मी घेतलेलं नाही. पेल्यांचं ताट समोर आलं की पुढं सरकवते. शेवटी एक पेला भरलेला परत येतो, पण तो ओतून टाकणारीही मीच, त्यामुळं कुणाला पत्ता नाही. सगळ्यांसाठी मेज मांडायचं आणि आपण मात्र उपाशी उठायचं, हे सोपं नाही गं.

गेल्या रविवारी तुझ्या आई, भामामावशी, काठी टेकत मोरीपाशी आल्या. म्हणाल्या, "सुषे, आमच्या मोनीला हितं कवा बोलावणार? शिरूरला जाणं काय माझ्यानं व्हायचं न्हाई. येकदा पोरीला ऐकलं असतं." मी "बघू मावशी" म्हणाले आणि नळ मोठा सोडला.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. तुझं काहीही चुकलेलं नाही. मेळावा झाल्यावर आठच दिवसांत पाळकांच्या पत्नी अनिताबाई मला म्हणाल्या होत्या, मोनिका तुझी मैत्रीण आहे, तिला आपल्याकडं साक्षीला बोलाव. मी त्यांना सांगितलं, तिला रविवारची सुट्टी नसते आणि यवतला यायची तिची फारशी इच्छाही नाही. दोन्ही धडधडीत खोटं. तू वाट बघत राहिलीस, तुझी आईही. आता कँटीनमध्ये नुसती ताटं घासते, प्रार्थना सुचत नाही, असं तू त्या मेसेजच्या शेवटी लिहिलंयस. ते माझ्यामुळं झालं, मोनिका. आज सकाळी अनिताबाईंना सगळं सांगून आले. त्यांनी तुझा नंबर मागितला. त्यांचा फोन येईल, नाही म्हणू नकोस. जूनच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. तोवर मला माफ करता आलं तर कळव. भांडायला फोन केलास तरी चालेल. हेवा अजून गेलेला नाही. तो जायची वाट बघत बसले असते, तर हे पत्र मी कधीच टाकलं नसतं.

तुझीच,
सुषमा