तेलाच्या कॅनवरची रेघ

रवि., ११ नोव्हें. २०१८, तलासरी

आज पुन्हा रेघ. तेलाच्या कॅनवर, बॉलपेनने, ह्यांच्या हातची. पुढच्या रविवारपर्यंत तेल तिच्याखाली उतरता कामा नये. सरावलीला प्लॉट घ्यायचाय. म्हणून तेल भिलाडहून आणायचं, गुजरातेत स्वस्त पडतं. डाळ पातळ. ताजी मासळी बंद, सुकटीवर भागवा. कचेरीतल्या साहेबांना मात्र हे स्वतःच्या खिशातून भजी चारतात. बोलले असते तर...

मनूच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. नवी वही म्हणजे पुन्हा खर्च.

बुध., १४ नोव्हें.

मनूचा पुरीसाठी हट्ट. पहिलीतलं पोर, तिला रेघ काय कळणार? तळल्या. तेल रेघेखाली गेलं.

हे आधी दार लावतात, मग टीव्हीचा आवाज वाढवतात, मग हात उचलतात. आज लाटणं घेतलं. पाठ टेकवत नाहीये. उद्या पोळ्या त्याच लाटण्याने लाटायच्या.

शनि., २४ नोव्हें.

जमीन हलली. भांडी खणखणली, सगळी आळी रस्त्यावर. कौलं पडावीत, आणि नेमकी एकाच डोक्यावर पडावीत, असं मनात आलं. खरंच आलं. लाज वाटली नाही.

रवि., २ डिसें.

मनूकडून साखर सांडली. मी फाडकन मारलं. ह्यांच्यासारखाच हात उठला माझा. गालावर बोटं उमटली. नंतर खोबरेल लावलं, तेही बेताने. पोरगी रडली नाही. उठून दार लावून आली. तिला वाटलं, मारताना लावायचंच असतं.

शुक्र., १ फेब्रु. २०१९

हे लिहायलाच हवं.

दुपारी मोठा धक्का. आधी जमिनीतून गडगडाट, मग भिंत हलताना दिसली. फळीवरचे डबे धडाधड खाली. कॅन कलंडत होता. मी झेप घेतली, कॅन छातीशी धरला आणि बाहेर पळाले. झाकण घट्ट दाबून. अंगणात उभी, थेंब सांडला नाही म्हणून हायसं वाटत होतं.

शेजारच्या लक्ष्मीवहिनीने विचारलं, "बाय, पोर कुठं हाय?"

मनू आत पलंगावर झोपलेली होती.

वहिनीच धावल्या. घेऊन आल्या. उशाशी कौल फुटून पडलं होतं म्हणे. माझ्या हातात अजून कॅन. वहिनी तो काढून घेऊ लागल्या, तेव्हा बोटं सुटेनात.

मी काय होऊन बसलेय?

रवि., ३ फेब्रु.

सगळे अंगणात, ताडपत्रीखाली. चूल वहिनींची नि माझी एकच, तेलही एकत्र. पाठीवरचा जुना वळ वहिनींनी पाहिला. आमटीत फोडणी भरपूर घातली. मनू दोनदा जेवली.

उघड्यावर हे अगदी गोड. 'अगं, पांघरूण घे.' दार नाही, टीव्ही नाही. आज रेघही मारली नाही. लोक धक्क्याने घाबरलेत आणि मी इतकी गाढ झोपतेय की वहिनी हसतात.

मंगळ., १२ फेब्रु.

कपाटातले कपडे काढून द्यायला म्हणून ह्यांनी आत बोलावलं. दार लावलं. तेल वाटून टाकतेस, माझा प्लॉट बुडवतेस, म्हणत गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात जमीन हलली. मला तिथेच टाकून हेच आधी पळाले. दार उघडं राहिलं म्हणून मी बाहेर आले.

गळ्यावर बोटं उठलीत. पदर घट्ट घेतला. वहिनी म्हणाल्या, "आता तरी बोल."

आशागडला भावाला फोन केला. ये म्हणाला. मागून भावजय काहीतरी म्हणाली, मग तोही म्हणाला, बघ, जमलं तर.

रवि., २४ फेब्रु.

बरेच दिवस धक्का नाही. लोक ताडपत्र्या सोडताहेत. ह्यांनी सकाळीच कॅन आत नेला. संध्याकाळी म्हणाले, आजपासून आत झोपायचं, पुरे झाला तमाशा.

मनू कानाशी आली. "आई, आज धक्का येईल ना गं?"

पोरगी देवाकडे हे मागतेय.

मी तिला मांडीवर घेतलं. वहिनी आपली ताडपत्री सोडत होत्या. आमच्याकडे पाहिलं आणि सोडलेली गाठ पुन्हा बांधली. सरकून जागा केली.

हे आत गेलेत. टीव्ही लागलाय. दार आमच्यासाठी उघडं ठेवलंय. एकदा हाक मारली, गोड आवाजात. आता दुसऱ्यांदा. आवाज चढलाय. वहिनींच्या घरातली माणसंही बाहेर येऊन उभी राहिलीत.

मनू माझ्या मांडीवर. कॅन आत आहे. मी अजून उठलेले नाही.