सोजरबाईचा रकाना नऊ

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
दुःखित कुटुंब आरोग्य चौकशी कचेरी,
मुक्काम अकोला.

अर्जदार : जगदेव वल्द पुंजाजी लहाने, कंपौंडर, धर्मार्थ दवाखाना, मौजे पळसबर्डी, तालुका वाशीम, जिल्हा अकोला.

विषय : मौजे धारवाडी येथील सोजरबाई हिच्या फॉर्मातील रकाना नऊ भरून पाठविण्याबाबत व अर्जदारास चौकशीच्या कामातून मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीची एकूण सतरा पत्रे, पैकी शेवटचे ता. १९ जून १९४१ चे.

महोदय,

१. अर्जाच्या आरंभी एका आवाजाविषयी लिहिण्याची परवानगी असावी. मी सात-आठ वर्षांचा असताना प्लेगापायी आमचे शिरपूर गाव उठून शेतात झोपड्या घालून राहिले होते. शेजारच्या झोपडीतील गोजराबाईचा मुलगा तिथेच वारला. त्यानंतर रोज दिवस मावळताना ती बांधावर उभी राहून शिवाराकडे तोंड करून हाक देई, "हातपाय धुऊन ये रे बाप्पा, अंधार पडून राह्यला." हाक फार मोठी नसे. अंगणात बोलावे तेवढीच असे. मोठी माणसे आपापल्या भाकरीकडे पाहत. तिला कोणी काही विचारले नाही. विचारले तर वाढेल, अशी सर्वांची समजूत होती. सन १९३९ च्या जानेवारीत आपले डॉक्टरसाहेब पळसबर्डीस आले व त्यांनी मला, "दुःखाचा तुम्हाला काय अनुभव आहे?" असे विचारले, तेव्हा मी ही हकीकत सांगितली. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मला चौकशीच्या कामावर घेतले. हा मजकूर अर्जास सोडून आहे असे वाटल्यास वगळावा.

२. चौकशीचे स्वरूप आपणास ठाऊक आहेच. मागील वर्षी ज्या घरी मयत झाली अशा अकरा खेड्यांतील चौसष्ट घरी आठवड्यातून एकदा जावे, घरातील एका माणसास ठरलेले बारा प्रश्न विचारावेत व मिळेल ते उत्तर लिहावे, असे वर्षभर चालवावयाचे होते. झोप लागते काय, भूक लागते काय, मयताचा आवाज येतो काय, अशा तऱ्हेचे प्रश्न. दुःखाने शरीर कसे झिजते व ते कशाने सावरते, हे विद्येच्या मार्गाने शोधावे हा साहेबांचा हेतू होता. नियम चौथा असा की, विचारणाऱ्याने धीर देऊ नये, डोळे पुसू नयेत, आपले घरचे काही सांगू नये. बसावे, विचारावे, लिहावे, उठावे.

३. सुरुवातीस लोकांनी मला फार टोचले. तांड्यावरची जमनाबाई, जिचा नवरा विहिरीत पडून गेला, मला पाहताच म्हणे, "दादा, तू इचारते लय, देते काईच नाई. निदान खोकल्याची बाटली त आन." मग दोन-तीन महिन्यांनी तीच जमनाबाई वाटेवर येऊन उभी राहू लागली. मला उशीर झाला तर रागावे. "आज माह्या झोपेचं कोन लिवीन मंग?" म्हणे. कमलीबाईची सून बाळंतपणात गेली. झोपेच्या प्रश्नाला ती कधी बोलून उत्तर देत नसे. जात्याला हात घालून म्हणे,

दाने सरले जात्यात, हात फिरते अजून
थांब म्हनाले घरात आता नाई कोन

हे मी रकाना पाचमध्ये जसेच्या तसे उतरविले. त्यावर आपले पत्र आले की रकाना पाचमध्ये "लागते" अथवा "लागत नाही" एवढेच लिहावे, गाणी जोडू नयेत. मी "लागत नाही" असे लिहून पाठविले. खरे पाहता तिला झोप लागत होती काय, हे मला त्या गाण्यावरून कळले नव्हते व अजूनही कळलेले नाही.

४. त्रेसष्ट घरांचे फॉर्म जानेवारी १९४० मध्ये पुरे झाले. राहिले ते सोजरबाईचे. ही बाई विधवा, वय अंदाजे पंचेचाळीस, रोजाने निंदण-वेचणीला जाते. तिची एकुलती एक लेक रंगू, वय सतरा, सन १९३८ च्या भाद्रपदात हिवतापाने वारली. घरात दुसरे माणूस नाही. सोजरबाई अकरा प्रश्नांना मोकळेपणी उत्तरे देते. आवाज येतो काय, या प्रश्नाला म्हणाली, "येते ना. कापूस येचताना येते. मांगून येते, पुढून नाई." भूक लागते काय, तर म्हणाली, "लागते, भाऊ. त्याचीच लाज वाटते." फक्त प्रश्न नववा, म्हणजे "मयत व आपण यांच्यात शेवटी काय बोलणे झाले", हा वाचला की ती सूप ओढून डाळीतले खडे निवडू लागे आणि म्हणे, "ते पुढच्या खेपेले."

५. रकाना कोरा म्हणून आपण फॉर्म परत पाठविला. मी त्यात "सांगत नाही" असे लिहिले. आपले पत्र आले : "'सांगत नाही' हे मयताचे शब्द की आईचे, याचा खुलासा करावा." मी खुलासा केला. त्यावर, घरातील दुसऱ्या माणसास विचारावे असे पत्र आले. दुसरे माणूस नाही असे कळविले, तेव्हा नसल्याचा दाखला मागविण्यात आला. धारवाडीच्या दौलतराव पाटलांनी दाखला देताना मला विचारले, "काहो कंपौंडर, बाईले कोनी नाई हे सरकारले कागदावर कायले पाह्यजे?" मी दाखला घेऊन आपणाकडे धाडला. एकदा कंटाळून मी रकान्यात "राम राम" असे लिहिले आणि लाजेने खोडले. त्या खाडाखोडीबद्दल मला ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

६. मध्यंतरी डॉक्टरसाहेब लढाईवर गेले व चौकशी बंद झाली. परंतु आपल्या पत्रावरून असे कळते की चौकशीची कचेरी बंद करण्यासाठी सर्व फॉर्म पुरे असणे जरूर आहे, आणि आज आपल्या हाताखाली त्या कचेरीत एक कारकून, एक कपाट व रकाना नऊ एवढेच शिल्लक आहे. कारकूनसाहेबांनी खाजगीत लिहिले आहे की त्यांनाही घरी जाता येत नाही. माझे वडील पुंजाजी यांची दृष्टी गेली आहे. ते शिरपुरास एकटे असतात व चुलीपाशी भाजतात. माझ्या बदलीचा हुकूम मागील वर्षी निघाला. त्यावर आपल्या कचेरीचा शेरा आहे, "रकाना नऊ पूर्ण झाल्याशिवाय सोडू नये." राजीनामा दिला, तो याच शेऱ्याने परत आला. अशा रीतीने मी एकशे अठ्ठावीस आठवडे त्या एका ओट्यावर जाऊन बसलो आहे. बाई मला बसायला पोते टाकते. मी विचारतो. ती अकरा सांगते. मी उठतो. दोन कोसांच्या त्या वाटेवरचे सगळे दगड मला ओळखू लागले असावेत.

७. मागील खेपेस मी नियम चौथा मोडला, हे कबूल करतो. प्रश्न नववा वाचला नाही. कागद खाली ठेवला व म्हणालो, "सोजरमावशी, मी अडकलो आहे." वडिलांचे सांगितले. बदलीचे सांगितले. अकोल्याच्या कारकुनाचेही सांगितले. तिच्या हातातले सूप थांबले. "मांगंच काहून नाई सांगतलं?" म्हणाली. "मले वाटे, तुमचं कामच हाय हे. मी म्हनो, येते बिचारा माह्या रंगूसाठी, येऊ दे." मग तिने सूप बाजूला सारले. नंतर म्हणाली, "लिवा. पन तुमी लिवान का?"

८. रकाना नऊमधील उत्तर खालीलप्रमाणे. शब्द तिचे आहेत. त्यात मी काही घातलेले किंवा काढलेले नाही.

"पोरगी तापानं फनफनून राह्यली होती. पाटलाच्या बैलाच्या दमनीत घालून पळसबर्डीले आनली. दमनी लिंबाखाली सोडली आन् मी दवाखान्यात आली. दार अर्धं लोटेल होतं. अंदर तुमी बाटल्या पुसत होते. मी म्हनलं, दादा, लेकीले ताप हाय. तुमी मान वर नाई केली. म्हनले, आज औषध नाई, परवा या. मी वापस आली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरगी इचारे, परवा झाली काय, माय? मी म्हनो, नाई व बाई, उद्या हाय. घडीभरानं पुन्हा इचारे. दुपारी तिच्या डोयाले डोया लागेना, तवा मले राहवलं नाई. तिनं इचारलं, परवा झाली काय, माय? मी म्हनलं, झाली. त ते बसती व्हाले लागली. म्हने, मंग लुगडं दे, जाऊ. हेच शेवटचं. लुगडं आनेपर्यंत गेली."

९. हे लिहून झाल्यावर मी विचारले की अडीच वर्षे हे का सांगितले नाही. हा प्रश्न बारांतला नाही, म्हणून त्याचे उत्तर फॉर्मात घातलेले नाही, अर्जात देतो. ती म्हणाली, "तुमच्याच हातानं तुमाले कसं लिवाले लावू? माह्यापाशी दुसरं कोनी येत नोतं, भाऊ. अन् मी तरी खोटं बोललीच ना तिच्यासंगं. परवा नोती झाली."

१०. मला तो दिवस आठवत नव्हता. "परवा या" हे मी त्या पावसाळ्यात किती जणांस म्हटले असेन, तेही आठवत नाही. घरी येऊन जुनी डायरी काढली. भाद्रपदातील त्या आठवड्यात दवाखान्याची तपासणी व्हावयाची होती. बाटल्या कशासाठी पुसत होतो हे तेव्हा कळले.

११. तरी विनंती अशी की, रकाना नऊ वर दिल्याप्रमाणे संपूर्ण घ्यावा. लांबला म्हणून कापू नये, व मयताचे शब्द वेगळे आणि आईचे वेगळे करण्यासाठी फॉर्म परत धाडू नये. कचेरी बंद करून कारकूनसाहेबांना घरी जाऊ द्यावे. विषयात मी स्वतःस मोकळे करण्याविषयी लिहिले आहे, ते दवाखान्याच्या पंचांनी खालील कलमाची चौकशी करेपर्यंत तहकूब ठेवावे. वडिलांना मी इकडेच आणीत आहे.

१२. औषध नाही, असे मी सोजरबाईस सांगितले ते खोटे होते. कपाटात हिवतापावरील कुनैनची एक भरलेली बाटली होती. तपासणीच्या वेळी कपाट रिकामे दिसू नये म्हणून ती मी राखून ठेवली होती. सोजरबाईस हे ठाऊक नव्हते. काल ठरलेला दिवस नसताना धारवाडीस गेलो आणि ओट्यावर न बसता, उभ्यानेच तिला सांगून आलो.

आपल्या कचेरीचा नम्र नोकर,
जगदेव पुंजाजी लहाने
कंपौंडर, मौजे पळसबर्डी
ता. ४ जुलै १९४१

सोबत :
(१) सोजरबाईचा फॉर्म, बाराही रकाने भरलेला, डाव्या हाताच्या अंगठ्यासह.
(२) औषधाच्या कपाटाची किल्ली.