अधिक महिना धरायचा नसतो

मस्तगड, जालना
माघ शु. १४, शके १८५८

सौ. दुर्गाबाई विहीणबाई यांस रमाबाईचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पण काल दुपारी शरयू तांदूळ निवडून उठली तर पाट ओला. कळ नाही, दुखणं नाही, आणि पाणमोट फुटली. डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. पाणी थेंब थेंबच जातंय. लेकरू अजून फार कोवळं आहे, जितके दिवस आत राहील तितकं बरं, असं त्यांचं म्हणणं. शरयूनं पडून राहायचं, पोट चोळायचं नाही, आत कुणी हात घालायचा नाही, कपडा उकळलेलाच घ्यायचा, दिवसातून चारदा ताप पाहायचा. ताप आला तर मात्र लगेच टांगा करून दवाखाना गाठायचा.

खाटेच्या पायथ्याला विटा लावल्या आहेत. पाय वर, डोकं खाली. ह्यांनी चार विटा जास्त आणल्या, तेव्हा शरयू म्हणाली की त्याही लावल्यात तर मी घसरत राजूरला पोचेन. हसू येतं आणि छातीत धडधडतंही. तिथल्या गणपतीला माझ्या वतीनं सांगा. आपला लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
रमाबाई

राजूर
माघ व. १

सौ. रमाबाई विहीणबाई यांस दुर्गाबाईचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र दीनानाथला न दाखवता लिहिते आहे. शाळेत मास्तर झाला तरी बायकोच्या बाळंतपणातलं त्याला काय कळतं?

तुमच्या डॉक्टरीणबाई शिकलेल्या असतील, पण सातव्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का? शरयूचे दिवस श्रावण वद्य पंचमीपासूनचे. म्हणजे येत्या पंचमीला सातवा संपतो. चार दिवस उरलेत आणि तुम्ही विटा रचत बसलात. आमचा दीनानाथ सातव्यातलाच. जड काम निघालं की अजून तो ‘मी सातव्यातला’ म्हणून बाजूला होतो, पण जगला ना!

चतुराबाई सुईणीला बैलगाडीनं पाठवते आहे, सोबत कळा आणायला एरंडेलाची बाटली. पंचमीच्या आत पोरीला मोकळी करून घ्या, बिलकुल उशीर नको. अधिकात जावयाला पाठवलेले तुमचे अनारसे दगड होते, तरी मी कुणाला बोलले नाही. पण ह्या बाबतीत मी ऐकायची नाही. राग मानू नये, माया कमी करू नये.

तुमची,
दुर्गाबाई

मस्तगड
माघ व. ३

सौ. विहीणबाईंस सा. न. वि. वि.

चतुराबाई आणि बाटली दोन्ही सुखरूप पोचल्या. बाटली मी देव्हाऱ्यामागे ठेवली. चतुराबाईला तिथे ठेवता येईना, म्हणून शेंगा फोडायला बसवलं आहे. खाट पाहून ती म्हणाली, की पोरीला असं उलटं निजवून राह्यले तर लेकरू मंग नाकातून येईल. शरयूला हसू आवरेना आणि मला भीती.

पण विहीणबाई, अनारशांवरून आठवलं. यंदा भाद्रपद अधिक होता. त्यात लग्न नाही, मुंज नाही. जो महिना कुठल्या शुभकार्याला धरत नाहीत, तो पोटाला कसा धरायचा? तो वगळला तर परवा सहावाच संपतो, आणि सातवा थेट रंगपंचमीपर्यंत. मग आताच घाई कशाला? विचार करून कळवावं, आणि आमच्यावर कृपा ठेवावी.

आपली,
रमाबाई

राजूर
माघ व. ५

सौ. रमाबाईंस नमस्कार, वि. वि.

बराबर आहे. अधिक धरायचा नसतो. पोरीला निजू द्या. चतुराबाईला तिथेच राहू द्या, पण शेंगाच फोडायला. एरंडेल परत पाठवा, बैलाला होईल.

दुर्गाबाई

मस्तगड
फाल्गुन व. ११

सौ. विहीणबाईंस सा. न. वि. वि.

नात झाल्याचा सांगावा मिळालाच असेल. पण लिहायला आजवर धीर झाला नव्हता.

होळीच्या दिवशी थर्मामीटरनं एकशे पाच ताप दाखवला. टांगा दारात आला, मी रडायला लागले, आणि शरयू थंडगार. ह्यांनी स्वच्छता म्हणून ते गरम पाण्यात धुतलं होतं. टांगेवाला चहा पिऊन परत गेला.

रंगपंचमीला पहाटे कळा आल्या आणि दुपारी डॉक्टरीणबाईंच्या हातून शरयू सुटली. पोर एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तुमच्याच शेतातल्या कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून आहोत. पहिले पाच दिवस दूध वातीनं पाजलं. काल ती स्वतः ओढून प्यायली. चतुराबाईनं तिचं रडणं ऐकलं आणि स्वतःच रडली.

तुमच्या हिशेबानं सातवा बरोबर संपला. पाडव्याला बारसं आहे, पायधूळ झाडावी.

आपली,
रमाबाई

राजूर
फाल्गुन व. १३

सौ. रमाबाईंस दुर्गाबाईचा नमस्कार, वि. वि.

माझ्या हिशेबानं म्हणता? तुम्ही मला अधिक महिन्यात गुंडाळलंत असं तुम्हाला वाटलं असेल. दीनानाथच्या वेळीही अधिक होता, वैशाख. माझ्याही कळा वेळेआधी आल्या, आणि आठवा लागला म्हणून मी घाबरून रडत होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, की अगं, अधिक धरायचा नसतो, तुला सातवाच आहे. मी डोळे पुसले. बावीस वर्षं गावभर सांगत आले, की माझा मुलगा सातव्यातला.

तुमचं ते अधिकाचं पत्र आलं त्या दिवशी ओसरीत बसून बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. समोर दीनानाथ तिसरी भाकरी खात होता, आणि तो आठव्यातला होता. मग एरंडेल कशाला पाजायचं?

सासूबाई असत्या तर पाया पडले असते. आता ते तुमच्याच वाट्याला आहे. वरमाय असले तरी पाडव्याला पडणार, अडवू नका. दीनानाथला मात्र कळू देऊ नका. आणि बारशाला अनारसे करू नका. पोरीला अजून दात नाहीत, मला थोडे आहेत.

तुमची,
दुर्गाबाई