तीन भिंगांचा तक्ता

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. नेमानं.
सकाळी सुईत दोरा ओवायला पाऊण तास गेला. हल्ली सुयांची नेढीच बारीक काढतात, कंपन्यांना लाज नाही. बायको म्हणाली, चाळिशी घ्या. म्हटलं, रफूगाराच्या नाकावर चष्मा दिसला की गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जातं. ती पोळ्या लाटायला आत गेली. म्हणजे पटलं.

७ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांच्या आईची रेशमी साडी, पदराला इस्त्रीनं जळून मसुराएवढं भोक. आई गेली, एवढीच वस्तू उरली, म्हणाल्या. बाहेरच्या पाटीकडे बोट केलं. 'रफू शोधून दाखवा.' वडिलांच्या वेळची पाटी. महिन्याचा शब्द दिला.
जाता जाता विचारलं, माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना जवळचं दिसत नाही, काय करावं? चष्मा, म्हणाल्या, नाहीतर डोळ्यात नवं भिंग बसवतात, त्यात प्रकार आहेत, तपासून ठरवू, पाठवा त्यांना. म्हटलं, गृहस्थ फार कामात असतात.

८ जानेवारी
संकल्प: आधी अभ्यास, मग भिंग, मग साडी.
वहीत तक्ता आखला. एका अंतराचं भिंग: लांबचं लख्ख, जवळ चष्मा लागणारच. अनेक अंतरांचं: लांबचं, जवळचं दोन्ही, पण अंधारात दिव्यांभोवती कडी दिसतात. लांबट पल्ल्याचं: लांबचं आणि मधलं झकास, बारीक कामाला कदाचित चष्मा. चौथा रकाना माझ्या मताचा. मत अजून नाही.
मुलगी म्हणाली, साडी मी करू का? सहा वर्षं स्वेटर-मोजे करतेय, हात बरा आहे. पण रेशीम म्हणजे रेशीम. म्हटलं, माझं भिंग बसलं की शिकवीन.

१३ जानेवारी
तक्ता वाचता येईना. शाई फिकी. कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात उतरवला.
मेहुण्याकडे अनेक अंतरांचं आहे. म्हणाला, पेपर बिनचष्म्याचा वाचतो, रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला कडं दिसतं, फुकटात रोषणाई. रिटायर्ड पोस्टमनकडे एका अंतराचं. समोरच्या इमारतीवरचं पाखरू ओळखतो, ताटातली भाजी विचारून खातो. दोघेही म्हणतात, माझंच भिंग घ्या. दोघांचीही मतं बाद, कारण दोघे समाधानी आहेत.

१९ जानेवारी
बँडमास्तरांचा लाल कोट. कसरीनं खाल्लेला. एक भोक म्हणाले होते, मला सहा सापडली. सगळी बुजवली. नजर अजून शाबूत आहे.

२१ जानेवारी
बँडमास्तर तणतणत आले. बटणं लागत नाहीत म्हणे. म्हटलं, खाणं कमी करा. मुलगी त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. वीस मिनिटांनी बटणं लावून बाहेर आले. पोट आत घेतलं की लागतात, एवढंच होतं.

२५ जानेवारी
दवाखान्यात फोन. मदतनीस बाईनं विचारलं, गृहस्थ काम किती अंतरावरून करतात? म्हटलं, एक वीत, वडिलांची शिकवण आहे. मुलीनं टेप लावली. सत्तावीस इंच. टेप आखडलेली असणार.

२९ जानेवारी
कॅलेंडरही पुरेना. जुन्या चादरीवर ब्रशनं तक्ता रंगवला, समोरच्या गॅलरीतून सोडला. दुकानातून घडाघडा वाचता येतो. अभ्यास असा हवा.
दुपारपर्यंत तिघांनी आत येऊन भिंगांचा भाव विचारला. एक आजोबा तर डोळा उघडून बाकावर आडवे झाले.

२ फेब्रुवारी
शब्दाची मुदत जवळ आली, भिंगाचं ठरेना. साडी घेतली. बोटांना सगळं माहीत असतं. तीन तास. संपल्यावर शोधलं, मलाच सापडेना, भोकही नाही, रफूही नाही. आमच्या धंद्यात याच्यापुढे शाबासकी नाही. वडिलांची फार आठवण आली.

३ फेब्रुवारी
मुलगी हल्ली सकाळी दोन तास आधी दुकान उघडते. झाडलोट करते म्हणे. एवढ्याशा दुकानात.

५ फेब्रुवारी
बाई साडी घेऊन गेल्या. पदर हातात धरून रडल्या. मलाही भरून आलं.

२० फेब्रुवारी
भिंग ठरलं. अनेक अंतरांचं. कड्यांची सवय होईल. उद्या बाईंना निर्णय कळवायचा.

२१ फेब्रुवारी
चादर बगलेत मारून दवाखान्यात गेलो. ओळखीचे गृहस्थ कुठे आहेत, बाईंनी विचारलं. म्हटलं, त्यांनी मलाच पाठवलंय. तपासलं. डोळे ठणठणीत, म्हणाल्या, भिंगाचं पुढे बघू, इतकं बारीक काम असताना आधी सहा महिने साधा चष्मा लावून पाहा. तक्ता मात्र छान आहे, म्हणाल्या.
काचा बदलायची ती जड फ्रेम नाकावर ठेवली, अक्षरांचं कार्ड पुढे केलं. म्हटलं, अक्षरं कोणीही वाचेल, कापड दाखवा. बाई तीच साडी नेसल्या होत्या. पदर दिला.
पुढून रफू सापडलं नाही. कॉलर ताठ. मग सवयीनं पदर उलटला. दोऱ्याची टोकं उजवीकडे सुटलेली. मी डावीकडे सोडतो. घरात डावखुरी एकच आहे.
तिथून दोन बोटांवर धड कापडात सुईची भोकं, ओळीनं. उसवून काढलेलं रफू. ते माझं होतं.
फ्रेम उतरवायला त्यांनी दोनदा सांगितलं.

२२ फेब्रुवारी
चाळिशी घेतली. काळी फ्रेम. ही वही चाळली, निम्म्या ओळी एकमेकींवर चढल्यात.
बँडमास्तरांची मिरवणूक दारावरून गेली, हात करून थांबवली, कोट पाहिला. पाठीवरचं कसरीचं भोक डावखुऱ्या हातानं बुजवलेलं. पुढची पाच काजं नव्यानं बांधलेली. पाचही मी शिवून टाकली होती.
दुकानात येऊन माझ्या जागी बसलो. मुलीनं चष्म्याकडे पाहिलं, सुई खाली ठेवली. हळूच विचारलं, बाईंच्या साडीवर रफू सापडलं का.
म्हटलं, नाही सापडलं.
मग उठून उजेडाकडची जागा तिला दिली.