खापराखालची आच

आई, शेवया पाडायचं यंत्र, न्हाणीचं कवाड, शहागंजातल्या मसालेवाल्याची मिरची चाळायची हलती चाळणी, हळद घासायचा ढोल, आणि आता चितेगावच्या कारखान्यांत पाकिटं भरणारी यंत्रं. एवढं या हातांनी केलं, कुणाच्या हाताखाली न राहता. हे तुला ठाऊक आहे, निदान निम्मं तरी. ठाऊक नाही ते असं, की सकाळी चहाच्या आधी मी जी गोळी घ्यायचो ती पित्ताची नव्हती. मन पार बसलं होतं, लोखंड घासायची कानस हातात घ्यावीशी वाटत नव्हती, त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी दिली होती. तुला पित्ताचं सांगितलं, आणि तू माझ्या भाजीतलं तिखट काढलंस. ठेचा तर बंदच. मी ती मिळमिळीत भाजी वर्षानुवर्षं खाल्ली, पण खरं बोललो नाही. तू गेलीस, गोळी राहिली.

गेल्या उन्हाळ्यात ठरवलं, आता पुरे. मन कधीचंच ताळ्यावर होतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, विचारून करायची सवयच नाही. यंत्र थांबवायचं तर बटण दाबतात, तशी गोळी एका दिवसात बंद केली. आठवडाभर काही नाही. मग डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. क्रांती चौकात सिग्नलला उभा आहे, मागचे हॉर्न वाजवतायत, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. कशाचं, ते मला सांगता येत नाही. यंत्रातला दोष मी आवाजावरून ओळखतो. इथं ओळखू येईना.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. इतक्या वर्षांची सवय शरीराला, ती एकदम तोडली म्हणून हे, दुखणं उलटलं असं लगेच धरू नका, म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवायची, आणि शेवटचा भाग सगळ्यांत सावकाश. मी म्हणालो, तुकडे मी करतो, वर्निअरनं मोजून. त्या हसल्या. "अहो, गोळी लोखंडाची नाही. मी पातळ औषध लिहून देते."

तेव्हा मला तुझं मांडे भाजायचं मातीचं खापर दिसलं. पुरणाचे मांडे करायचा दिवस. शेवटचा मांडा निघालाय, आणि तुझं काम हलकं करायचं म्हणून मी खापर फडक्यानं धरून उचलतो, नुकत्या सारवलेल्या ओल्या भुईवर ठेवतो. तड्. आरपार चीर. तू आवाज चढवत नाहीस. चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणतेस, "खापर उतरवायचं नसतं बाबा. इस्तू मागं घ्यायचा, अन् खापराला चुलीवरच निवू द्यायचं. तुला कुणी सांगितलं उचलायला?"

"कुणीच नाय."

"ते दिसतंयच."

आता औषध थेंबांवर आलंय. प्रत्येक उतारानंतर काही दिवस हात परका वाटतो, कानस शेवटच्या फेरीला लोखंड जास्त खाते. मग बाईंना सांगून पुढचा उतार लांबवतो. तुझी सून हल्ली ठेचा करते. नाकातून पाणी येतं, पण खातो.

मध्यंतरी चितेगावचा एक कारखानदार दुकानात आला. दिवाळीच्या आत तीन यंत्रं उभी करून हवीत, रात्रीची पाळीसुद्धा धरा म्हणाला. तुझी सून म्हणाली, "होकार द्या की. गोळी काय, अजून वर्षभर घ्या. इतकी वर्षं घेतलीच ना." तिचं चूक नव्हतं. पूर्ण गोळीवर परत गेलो असतो तर हात ठरला असता, काम निघालं असतं. गोळी घेण्यात कमीपणा आहे असंही मला वाटत नाही. पण लाकडं निम्मी मागं आलेली आहेत.

त्या माणसाला मी सांगितलं, यंत्रांना तुम्ही देताय ती मोटार हलक्या प्रतीची आहे, मी असलं काम करत नाही. मोटार चांगली होती. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. बारा लाख देत होता, निम्मे आधी. मी नाही म्हणालो.